डॉक्टरच्या गाडीचं मडगार्ड

४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

परवा दुपारी तिने यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवून मला रीळ मागे घ्यायला सांगितलं, त्या क्षणापासून माझं सगळं बदललंय. ही ‘ती’ कोण ते पुढे येतंच आहे, आत्तापासून चष्मा पुसायला घेऊ नकोस.

आधी कामाचं. बाबांनी तुला कळवलंच असेल की पोरगं कॉलेज सोडून भंगारवाल्याकडे लागलं. भंगार नाही गं. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायचा कारखाना आहे. मालक स्वतः मिस्त्री, आणि त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. माझं काम असं की जुने सिनेमे बघायचे, त्यातलं कोणतं पात्र कोणती गाडी चालवतं ते ओळखायचं आणि वहीत उतरवायचं. मिस्त्रींनी एका बंद पडलेल्या स्टुडिओतून हाताने फिरवायचं यंत्र आणलंय, तू ज्यावर काम करायचीस तसलंच. पडदा पोस्टकार्डाएवढा. हँडल फिरवायचं, थांबवायचं, बॉनेटवरच्या फटी मोजायच्या. अकरा फटी असल्या तर एक साल, नऊ असल्या तर पुढचं. दाराची बिजागरी पुढे आहे की मागे, दिवे गोल की लांबट, सगळं बघायचं. एकाच गाडीने एका वर्षात तीन सिनेमांत नोकरी केलेली मी पकडली. एकात ती जज्जसाहेबांची, दुसऱ्यात स्मगलरची, तिसऱ्यात भाडं थकलेल्या कारकुनाची. मागच्या काचेतला पडदासुद्धा कोणी बदलला नव्हता.

माझा एक नियम आहे. आधी पडदा, मग गाडी. सिनेमात काय दिसतं ते वहीत लिहून होईपर्यंत अंगणातल्या गाडीबद्दल मला कोणी अवाक्षर सांगायचं नाही. नाहीतर डोळ्यांना जे हवं तेच दिसतं. मिस्त्री हसले, पण सगळ्यांना ताकीद दिली.

सध्या एक काळी चारदारी आली आहे. कारखान्यात तिला ‘डॉक्टरीण’ म्हणतात, कारण विकणाऱ्याचं म्हणणं, बायकोपोरांना सोडून जाणाऱ्या डॉक्टरचा तो जुना सिनेमा, त्यात डॉक्टर चालवतो ती हीच. मोटारींच्या एका संग्रहालयाला ती हवी आहे, पण खरी असली तरच. तशा गाड्या शेकड्यांनी निघाल्या होत्या, तेव्हा काहीतरी खूण सापडायला हवी. मी शेवटचं दृश्य अकरा वेळा पाहिलं. डॉक्टर उताराने निघून जातो, काचेत झाडांची सावली, तो दिसतही नाही. खूण काही सापडेना.

मिस्त्रींची मुलगी गाड्यांच्या सीटा शिवते. मागच्या खोलीत तिचं मशीन. बोटाला कायम पट्टी, दातात कायम दोरा, आणि माझ्याशी बोलायचं तर तो दोरा न काढताच बोलते. डॉक्टरिणीचं मागचं दार बिजागरीत उतरलंय, आपटलं तरी लागत नाही. जरा वर उचलून लावायचं असतं, हे तिनेच मला शिकवलं. परवा ती पुढच्या सीटची किनार कशी होती ते बघायला आली. शेवटचं दृश्य चालू होतं. एका फटक्यात तिने बोट ठेवलं. डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या मागे, चमच्याएवढा खड्डा. मला अकरा वेळा जो दिसला नाही तो तिला एकाच नजरेत दिसला. तिचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. मग एकाएकी चेहरा उतरला. स्वतःच्या एका हाताकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, आणि चहा तसाच टाकून निघून गेली.

आत्या, मला वाटतं तिच्याही मनात काहीतरी आहे. तू बाबांशी बोल. ते जगात एकट्या तुलाच घाबरतात. मी तिला तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय, फिल्म कापायच्या खोलीत तू चाळीस वर्षं काढलीस तेसुद्धा.

माझ्यावर आहे तेवढी माया ठेव, आणि जरा जास्तच ठेव, पुढे लागणार आहे.

तुझी
काडेपेटी

---

९ फेब्रुवारी

चि. काडेपेटीस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एकदा गाड्यांसाठी, एकदा तिच्यासाठी. गाड्यांचं तू चांगलं लिहितोस.

पोरगी दोरा दातात धरून बोलते हे मला आवडलं. अशा बायका कामाच्या वेळी काम करतात. पण स्वतःच्या हातांकडे बघून चहा टाकून जाणं म्हणजे प्रेम, हा हिशेब तू कुठल्या कॉलेजात शिकलास? अर्धंच शिकलास म्हणून विचारते. मला तर वाटतं ती काहीतरी मोजत होती.

तुझा बाप माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे आणि अजून माझ्यासमोर पाय पसरून बसत नाही, तेव्हा त्याची काळजी सोड. तुझी मात्र वाटते. कॉलेज कसं सोडलंस आठवतंय ना? ड्रॉइंगचा कागद मित्राने चोरला म्हणून भर वर्गात त्याला चोर ठरवलंस, सरांनी हटकलं तर त्यांनाही सुनावलंस, आणि दार असं आपटून निघालास की कडी निखळून पडली. कागद चार दिवसांनी कपाटामागे सापडला. मित्र परत सापडला नाही. हे मी टोचायला लिहीत नाही, म्हणजे थोडं टोचायलाच लिहिते.

पुढच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू पिकला म्हणे. डावा आधीच अधू, त्यामुळे पट्टी निघेपर्यंत मी आंधळीच समज. शेजारीण वाचून दाखवते म्हणते, पण तुझी पत्रं तिला वाचायला देणं म्हणजे गावभर लाऊडस्पीकर लावणं. तेव्हा आलेली पत्रं उशाशी ठेवीन आणि डोळा उघडला की एकदमच वाचीन. तोवर काही ठरवू नकोस, काही फोडू नकोस, आणि कोणतंही दार आपटू नकोस.

जेवत जा. आत्या आंधळी असो की डोळस, तिचा जीव तुझ्यापाशीच आहे हे ध्यानात असू दे.

तुझी
आत्या

---

१७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या उशाशी पडून राहणार हे ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण इथे कोणाशी बोलावं असा माणूस उरलेला नाही.

मंगळवारी मिस्त्रींनी डॉक्टरिणीच्या पुढच्या भागाचा रंग खरवडला. जुन्या रंगाखाली पुट्टी भरलेला खड्डा निघाला, चमच्याएवढा. सगळे हरखले. मी वही घेऊन धावत गेलो. खड्डा उजव्या मडगार्डवर होता.

सिनेमात तो डाव्या मडगार्डवर आहे, आत्या. मी वहीत तसं लिहून ठेवलंय. समोर उभं राहून आपलंच डावं-उजवं चुकलं असेल म्हणून मी स्टीअरिंगवर जाऊन बसलो आणि हात लांब करून खात्री केली. उजवा तो उजवाच. मग परत यंत्रावर गेलो. दोन दिवस ते एकच दृश्य फिरवलं, तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. सगळ्या सिनेमात काचेवरचे वायपर एका बाजूला झोपलेले आहेत, या एका दृश्यात दुसऱ्या बाजूला. दुसरं, गाडी आरशासारखी चकचकीत आणि नंबराची पाटी तेवढी चिखलाने लिंपलेली. तिसरं, एवढंच दृश्य जरा पुसट आहे, बाकी सिनेमा कसा स्वच्छ. याचा अर्थ उघड आहे. शेवटच्या दृश्यात गाडी दुसरीच आहे. कोणाची तरी मागून आणलेली, म्हणून नंबर झाकलेला. खड्डा त्या दुसऱ्या गाडीला होता.

मग आपल्या गाडीला खड्डा कुठून आला? कोणीतरी पाडला, पुट्टी भरली, वर रंग चढवून तो जुना दिसेल असा केला. आणि समोर उभं राहून हातोडी घातल्यामुळे डाव्याच्या जागी उजवीकडे पाडला. मिस्त्रींना नवा रंग जुना दाखवता येतो, त्यांचा धंदाच तो आहे. पण सिनेमात खड्डा आहे हे कोणाला माहीत होतं? मला आणि तिला. मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता मला सगळं वेगळं दिसतंय. अकरा वेळा मला दिसला नाही तो तिला एका फटक्यात कसा दिसला? मग चेहरा का उतरला? त्या दिवसानंतर ती मला टाळते. परवा दोरा दातातून काढून, होय, काढून, तिने विचारलं की सिनेमा कधी खोटं दाखवतो का. मी विचारलं, का? तर म्हणे सहज. सहज विचारणारा माणूस आधी दोरा काढत नाही.

आणि हे बघ. कारखान्याचं टपाल रोज मी टाकतो. गुरुवारी ती एक पाकीट पत्ता छातीशी धरून स्वतः टाकून आली. मी हात पुढे केला तर म्हणाली, राहू दे. संग्रहालयाचा जो माणूस येतो, चेहरा इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी, त्याने मागच्या खेपेला तिला आपलं कार्ड दिलं होतं. माझ्यासमोर दिलं. मी वहीत मान घालून बसलो होतो, पण मला मानेलाही डोळे आहेत.

म्हणजे तो चहा, ते दार उचलून लावायला शिकवणं, सगळं माझ्या वहीसाठी होतं. वहीत मी सही केली की गाडी खरी ठरते. मला प्रेमात पाडलं नाही, आत्या, मला कामाला लावलं.

सोमवारी गुळगुळीत येतोय. तू म्हणालीस काही फोडू नको. पण तू आंधळी आहेस आणि मला दिसतंय.

रागावलीस तरी तोडू नकोस.

तुझी
काडेपेटी

---

२० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

झालं.

गुळगुळीत आला, टेप लावून मोजमापं घेतली, खड्ड्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वही मागितली. मी वही दिली नाही. सगळ्यांदेखत सांगितलं की खड्डा आठ दिवसांपूर्वीचा आहे, सिनेमातला डावीकडे, हा उजवीकडे, आणि ज्याने पाडला त्याने निदान आरशात तरी बघायचं होतं. वायपरचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. मग तिच्याकडे बघून हेही बोललो की पाकिटं टाकायला स्वतः जाणाऱ्यांना जास्त माहीत असेल.

मिस्त्रींनी हातातला पाना पुसला, पुसून झाल्यावर परत पुसला. तीस वर्षं या माणसाच्या शब्दावर लोक गाड्या घेतात. गुळगुळीतने टेप गुंडाळली, खड्ड्यासाठी वेळ आहे, भांडणासाठी संग्रहालयाला वेळ नाही असं नम्रपणे सांगितलं आणि गेला.

ती रडेल किंवा भांडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं की माझ्या वहीत माणसांसाठीही नियम आहे का. मला समजलं नाही. मग ती आत गेली आणि मशीन सुरू केलं.

मिस्त्रींनी मला काढलेलं नाही. म्हणाले, महिना भरेपर्यंत राहा. हे काढण्यापेक्षा वाईट आहे. मी बरोबर आहे, आत्या. मग मला जेवण का जात नाही?

पट्टी निघाली की पहिलं मला लिही.

तुझी
काडेपेटी

---

२७ फेब्रुवारी

चि. काडेपेटीस अ. आ.

उत्तम हा शब्द आज गाळला आहे, तो परत कमवायचा आहे.

काल पट्टी निघाली. उशाशी तीन पाकिटं. दोन तुझी आणि एक अनोळखी अक्षरातलं. अनोळखी म्हणून ते आधी फोडलं. चार ओळी आहेत. तुमचा भाचा तुम्हाला फार मानतो, तुम्ही फिल्म कापायचं काम केलंत म्हणून विचारते, सिनेमात डावं ते उजवं होऊ शकतं का, आणि कृपया हे त्याला सांगू नका, त्याचा एक नियम आहे तो मोडेल. खाली तुझ्या मिस्त्रींच्या कारखान्याचा पत्ता. छातीशी धरून नेलेलं पाकीट ते हे. गुळगुळीताला नव्हतं गेलं, मोतीबिंदूवालीला आलं होतं.

मग तुझी दोन वाचली, आणि नव्या डोळ्याने पहिलं काम काय केलं असेल तर ते तुझ्यापायी ओलं होण्याचं.

आता ऐक, बसून ऐक. तो सिनेमा माझ्या टेबलावर कापला गेला. पहिल्या पत्रातच ओळखला होता, पण तुझ्या नियमापायी बोलले नाही. डॉक्टरचं काम करणाऱ्याला गाडी चालवता येत नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने ती मैलाच्या दगडाला घासली. उजव्या मडगार्डला खड्डा पडला. दिग्दर्शक वैतागला, आणि मग गाडी कायम डाव्या अंगाने दाखवत राहिला. शेवटचं दृश्य एका उतारावर घ्यायचं होतं. उन्हं अशी पडली होती की कॅमेरा रस्त्याच्या एकाच बाजूला लावता येईना, आणि ती नेमकी खड्ड्याची बाजू. त्यातून दुसरीच पंचाईत झाली. सगळ्या सिनेमात डॉक्टरचं घर पडद्याच्या उजवीकडे, तेव्हा घर सोडणारा माणूस डावीकडे जायला हवा. इथे तर गाडी उजवीकडे निघाली. बघणाऱ्याला वाटलं असतं, आला परत. मग दिग्दर्शकाने तिथल्या तिथे पाटीवर चिखल थापायला लावला, म्हणजे आकडे उलटे दिसणार नाहीत, आणि आम्हाला सांगितलं की फिल्म पालथी करून जोडा. ती मी पालथी केली, या हातांनी. फिल्म पालथी बसली की चित्र किंचित पुसट उमटतं. वायपरही बाजू बदलतात. खड्डाही बदलतो. तू तीन पुरावे म्हणून जे लिहिलेस ना, ते तिन्ही तुझ्या आत्याच्या हातचे आहेत.

आम्ही तेव्हा हसायचो, की हा बिचारा खरा घराकडेच येत होता, आपणच त्याला पालथा करून घालवला.

सोबत सात चौकोनांची पट्टी आहे, कापून उरलेली. मी अशा चिंध्या डब्यात ठेवायचे, तुझी आजी हसायची. पट्टीच्या कडेला बारीक आकडे आहेत, फिल्म तयार करताना छापलेले. ते सुलटे वाचता येतील अशी धर आणि मग खड्डा शोध.

ही पट्टी आधी मिस्त्रींना दाखव, मग संग्रहालयाला लिही. तिच्यापुढे मात्र पट्टी घेऊन जाऊ नकोस. रिकाम्या हाताने जा.

शिव्या घातल्या तरी मी तुझीच आहे, हे मिस्त्रींना सांगू नकोस, मला सांगितलं तरी पुरे.

तुझी
आत्या

---

३ मार्च

ती. आत्यांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. डोळा सांभाळा, आणि इतक्यात सुईत दोरा ओवायला जाऊ नका.

पट्टी आली. बाबांनी ती खिडकीशी धरून सहा वेळा उलटसुलट केली, मग खिशात घातली आणि तुमच्या भाच्याला कार्बोरेटर धुवायला बसवलं. आमच्याकडे माफी अशीच मिळते. संग्रहालयाला त्याने तीन पानी पत्र लिहिलं, सगळी चूक स्वतःवर घेऊन. तो माणूस दहा तारखेला परत येतोय.

मग तो माझ्याकडे आला. हात रिकामे होते, तुम्ही सांगितलं असणार. नीट बोलला, मान खाली घालून बोलला. पण जाता जाता थांबला आणि विचारलं की खड्डा मला कधी कळला होता. विचारायचं नव्हतं त्याला, तोंडातून निघालं. मी बघत होते, त्याच्या डोळ्यांत अजून संशय होता.

खरं ते तुम्हाला सांगते. जानेवारीत माझी बॉबिन घरंगळत डॉक्टरिणीच्या चाकाखाली गेली. काढायला हात घातला तर मडगार्डच्या आतून फुगवटा लागला, उजव्या बाजूला. बाबांनासुद्धा सांगितलं नाही, कारण याचा नियम, आधी पडदा मग गाडी. सिनेमात दिसला तेव्हा इतका आनंद झाला, आणि मग लक्षात आलं की तो डावीकडे आहे. माझाच हात चुकला की काय, समजेना. बोलले असते तर त्याची वही बिघडली असती.

सीट शिवताना आमच्यात आत एक चिठ्ठी ठेवतात, आई ठेवायची. कोणी शिवली, कोणत्या तारखेला, गाडीत काय सापडलं. पुढे कधी कोणी सीट उसवली तर त्याला कळावं म्हणून. डॉक्टरिणीच्या मागच्या सीटमध्ये मी जानेवारीत चिठ्ठी शिवली आहे, त्यात उजव्या मडगार्डचा खड्डा लिहिला आहे. हे मी त्याला सांगितलं. शिवणीजवळ पातं ठेवलंय, खात्री करायची तर करून घे म्हटलं.

त्याने उसवलं तर मी परत शिवून देईन, ते माझं कामच आहे. पण त्याच्याशी बोलणं तिथे संपेल. चिठ्ठी वाचून तो चिठ्ठीवर विश्वास ठेवील, माझ्यावर नाही. हे मात्र त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, एवढी विनंती.

ओळख नसताना एवढं लिहिलं. आपलं माणूस समजून घ्याल असं वाटलं म्हणून.

तुमची,
सीटा शिवणारी

---

६ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पट्टी मी आकडे सुलटे येतील अशी धरली. खड्डा उजवीकडे. तुझ्या सात चौकोनांनी माझी सगळी हुशारी पुसून टाकली. मिस्त्री बोलतात आता, म्हणजे पाना मागण्यापुरतं, पण बोलतात. वहीत मी लाल शाईने लिहिलंय: शेवटचं दृश्य पालथं, खड्डा उजवा, चूक ओळखणाऱ्याची.

इथपर्यंत सगळं बरं आहे. पुढचं तुला लिहायची लाज वाटते, पण तुला नाही लिहिणार तर कोणाला?

माझं डोकं थांबत नाही, आत्या. काल दिवसभर कार्बोरेटर धूत होतो आणि डोकं म्हणत होतं की समजा कोणी खरंच खड्डा पाडला असता. सिनेमात डावा बघून, गाडीसमोर उभं राहून, गडबडीत उजवा. तरी तो उजवाच आला असता ना? म्हणजे पट्टीने काहीच सिद्ध होत नाही. आणि तिने तुला पत्र लिहिलं ते रंग खरवडल्यावर. बाजू चुकली हे कळल्यावर कोणीही विचारील, की बाई, यातून काही वाट आहे का. बघ, मी तुला काय काय लिहितोय. हे सगळं मी विचार करून काढत नाही, ते आपोआप येतं, जशी भिंतीला ओल येते.

सीटमध्ये चिठ्ठी आहे. तारखेसकट. पातं सीटवर ठेवलेलं आहे, इथून दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. चिठ्ठी बघितली की मी कायमचा मोकळा होईन, मग तिच्यावर कधी म्हणून संशय घेणार नाही. असं मी स्वतःला काल तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला तो कपाटामागचा कागद आठवला. तो सापडला त्या दिवशीही मी अगदी मोकळा झालो होतो. मित्राच्या घरी धावत गेलो होतो, कागद हातात घेऊन, बघ सापडला म्हणून. त्याने दारही उघडलं नाही. तेव्हा त्याचाच राग आला होता मला.

तू मला पट्टी न घेता रिकाम्या हाताने जा म्हणालीस. मी गेलो, पण डोक्यात पट्टी घेऊनच गेलो. तिला ते दिसलं. तिला सगळं एका फटक्यात दिसतं.

दहा तारखेला सीट तयार हवी, म्हणजे उसवायचं ते आजच. तू काय करशील विचारावंसं वाटतं, पण उत्तर यायला आठवडा लागेल, आणि खरं म्हणजे तू उत्तर देऊही नयेस. मिस्त्री बाहेर गेलेत. मागच्या खोलीत तिचं मशीन चालू आहे. मी हे पाकीट चिकटवतो आणि उठतो.

काहीही ऐकायला आलं तरी मला आपल्यातला धर.

तुझी
काडेपेटी

ता. क. पाकीट पुन्हा फोडलं. डॉक्टरिणीत जाऊन बसलो होतो. पातं हातात घेतलं. शिवण बोटाने चाचपली, टाके इतके सारखे की मोजताना बोट अडखळलं नाही. कोपऱ्यात आत काहीतरी कागदासारखं करकरलं. चिठ्ठी आहे, एवढं खरं. तिच्यावर कोणती तारीख आहे ते मला माहीत नाही, आणि आता ते असंच राहणार. पातं जिथून उचललं तिथे ठेवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागच्या खोलीतलं मशीन मघापासून बंद आहे. गाडीतून उतरलो, दार जरा वर उचललं, आणि आवाज न करता लावून घेतलं.